चतकोर

वहीत तीन रकाने आहेत :
पूर्ण. अर्धं. नाही.
निहिराच्या आईने स्वतः पट्टी धरून आखलेत,
आणि खाली बारीक अक्षरात,
‘काकू, रोज लिहाल ना? प्लीज.’

डबा तीन कप्प्यांचा, झाकणावर हत्ती.
एकात मऊ भात, वर तुपाचा थिजलेला चांदवा,
एकात पोळीच्या गुंडाळ्या,
एकात बीट.
बीट रोज.

साडेबाराला मी सहाही पोरांना सतरंजीवर बसवते.
वारज्याच्या पुलावरून एखादा ट्रेलर गेला
की वाट्या किणकिणतात.
शौनक ताट पुसून खातो
आणि शेजारच्या ताटाकडे बघत बसतो.
त्याची आई विचारते, जास्त तर होत नाही ना, काकू?
निहिरा भाताचं एक शीत चिमटीत धरते,
खिडकीच्या उजेडात नेते,
मला दाखवते.
‘हे बाळ आहे. बाळाला कसं खायचं?’

शितावरून भाताची परीक्षा मला येते.
भातावरून पोराची कशी करतात,
ते मला कुणी शिकवलं नाही.

डॉक्टर म्हणाले, महिन्यात शंभरच ग्रॅम वाढली.
शंभर ग्रॅम म्हणजे मंडईत आपण आलं मागतो, तेवढं.
पण ही पोरगी
सकाळपासून चार वेळा जिना उतरून चढली आहे,
माझ्या चपला घालून.

डबा निम्मा उरतो. म्हणजे अर्धं?
कशाचं अर्धं? डब्याचं,
की तिच्या मुठीएवढ्या पोटाचं?
आणि अकरा वाजता झारेकरांनी ग्रिलमधून दिलेली पेरूची फोड,
ती कुठे लिहू?
शौनकच्या पोळीतला चतकोर हिने घेतला,
त्याला आपलं सगळं बीट दिलं,
दोघांनी इकडेतिकडे बघत केलेला हा व्यवहार
मी पाठ फिरवून होऊ दिला.
(रात्री त्याच्या आईचा फोन :
काकू, याची जीभ लाल कशाने झाली?)

माझ्या मंगेशने या वयात किती खाल्लं,
मला आठवत नाही.
म्हणजे माहीतच नाही.
मी गुलटेकडीला मिरची निवडायला जायची.
संध्याकाळी हात चुलीत घातल्यासारखे,
त्याला जवळ घेण्याआधी तेल लावून धुवायचे.
शेजारच्या शेवंताबाई दारातूनच सांगायच्या,
‘जेवला गं.’
बस, एवढंच.
पूर्ण की अर्धं, मी विचारलं नाही.
विचारलं असतं
तर दुसऱ्या दिवशी पाय निघाला नसता.
आता तो शहाऐंशी किलोचा आहे,
बायको त्याचा भात मोजून वाढते.
फोनवर म्हणतो, आई, जेवलीस का?
मी म्हणते, जेवले रे.
तोही पुढे विचारत नाही.

सात वाजून वीस मिनिटं. चांदणी चौकात अडकली होती.
चप्पल न काढता निहिराची आई वही उघडते,
रकाना शोधते, बोटाने.
खांद्यावरची पिशवी मी उतरवून घेतली
तर जड.
‘डबा खाल्ला नाहीस?’
‘वेळच नाही झाला हो.’
आणि पुन्हा वहीत बघत,
‘अर्धंच का पण?’

मी तव्यावरची पोळी मोडली, गूळ-तूप लावलं,
हातात दिली.
उभ्यानेच खायला लागली,
एका हाताने लेकीचे बूट चढवत.
निहिरा मान वर करून बघत होती,
घासाला घास,
अगदी तिची आई तिच्याकडे बघते तशी.
‘आई, चावून खा.’

दोघी गेल्या. जिन्यातला दिवा लागला, विझला.
ओट्यावर नितकोर पोळी उरली होती,
ती मी तोंडात टाकली.

वही इथेच राहिली आहे.
पट्टी शोधते आहे, चौथा रकाना आखायला.
त्याच्या डोक्यावर काय लिहायचं
ते उद्या साडेबारापर्यंत सुचलं तर बरं.